प्रवरेचं पहिलं गाव

नगर जिल्हा म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे टँकर येतात, चारा छावण्या येतात, करपलेली बाजरी येते. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, तरी ही ओळख पुसली गेलेली नाही. आणि दक्षिणेकडच्या तालुक्यांपुरती ती खरीच आहे. तिकडे वर्षाकाठी 500-600 मिलिमीटर पाऊस झाला तरी वर्ष चांगलं गेलं म्हणतात. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या कड्याला खेटून घाटघर, साम्रद आणि रतनवाडी ही गावं आहेत. तिथला पाऊस 5000 मिलिमीटरच्या आसपास जातो. घाटघरला तर नगरचं चेरापुंजीच म्हणतात. कर्जत-जामखेडच्या शेतकऱ्याच्या वाट्याला आठ-दहा वर्षांत येणारं पाणी इथल्या डोंगरांवर एका पावसाळ्यात कोसळतं.

माझं माहेर श्रीरामपूर तालुक्यातलं, प्रवरेच्या डाव्या कालव्यावरचं. भंडारदरा धरणाचं आवर्तन सुटणार अशी कुणकुण लागली की आमच्याकडे पाणीमागणीचे सात नंबरचे फॉर्म भरायची धावपळ सुरू व्हायची. मग पाटकऱ्याची वाट बघायची, आणि पाळी रात्रीची आली तर वडील कंदील घेऊन दारं धरायला निघायचे. 15 ऑगस्टच्या सुमाराला वर्तमानपत्रात भंडारदरा भरल्याची बातमी आली की घरातली बोलणीच बदलायची. उसाचं काय, गव्हाचं काय, हे सगळं त्या एका बातमीवरून ठरायचं. पण ते पाणी पडतं कुठे, ते ज्यांच्या घरांवर पडतं ती माणसं कशी राहतात, असं आमच्या वस्तीवर कधी कुणी विचारलं नाही. प्रवरा रतनगडावर उगम पावते आणि गडाच्या पायथ्याची रतनवाडी हे तिच्या काठचं पहिलं गाव. तिथे ऐन आषाढात जायचं मी ठरवलं. पाणी बघायचं तर ते पडत असताना बघावं.

घोटीहून निघालं की बारी गावापाशी कळसूबाई दिसायला हवी. 1646 मीटर उंचीचं, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. पण आषाढात ते सांगावं लागतं, दिसत काहीच नाही. रस्त्याच्या दोन्ही कडेला भिंतीसारखे ढग आणि त्यांतून अचानक पुढ्यात येणारी म्हैस किंवा पोरांची रांग. शेंडीला पोचले तेव्हा भंडारदरा धरणाचा काळा दगडी बांध तेवढा ढगातून बाहेर आलेला होता. 1910 साली काम सुरू होऊन 1926 साली पुरं झालेलं हे धरण 82 मीटर उंच आहे. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून त्याला विल्सन डॅम म्हणू लागले आणि मागच्या जलाशयाला आर्थर लेक. आमच्या भागात ही नावं कुणी घेत नाही. तिकडे धरणाचा पत्ता एकच, 11 टीएमसी.

शेंडीहून रतनवाडीला जायला जलाशयाच्या दोन्ही अंगांनी रस्ते आहेत. मी मुद्दाम लांबचा धरला: मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी. एका बाजूला जलाशयाचं राखाडी पाणी, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि डोंगरावरून उतरणारे इतके ओहोळ की थोड्या वेळाने मी धबधब्यांकडे बघणं सोडून त्यांच्या खालच्या मोऱ्यांकडे बघू लागले. प्रत्येक ओहोळ रस्त्याखालून नाहीतर रस्त्यावरून जाऊन शेवटी खालच्या पाण्यात मिसळत होता. धरण भरतं कसं, हे इतकं सरळ डोळ्यांपुढे घडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

घाटघरला रस्ता संपता संपता जमीनच संपते. पुढे कोकणकडा. कड्याच्या टोकाशी उभं राहिलं की खालून वर येणारा वारा पावसाला उलटा फेकतो आणि तोंडावर खालून पाणी उडतं. इथेच घाटघरचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. वरच्या जलाशयातलं पाणी डोंगराच्या पोटातून खाली शहापूर तालुक्यात चोंढ्याला सोडायचं, त्यावर 125 मेगावॉटचे दोन संच चालवायचे, आणि विजेची मागणी कमी असते त्या वेळी तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवायचं, अशी ती योजना. साम्रदला थांबले नाही. तिथली सांदणची घळ उन्हाळ्या-हिवाळ्यात बघावी. पावसाळ्यात तिच्यातून लोंढा वाहतो आणि त्या दिवसांत खाली उतरण्याचा हट्ट धरणाऱ्यांना गावातली माणसं पोटतिडकीने अडवतात.

रतनवाडीत माझी सोय ओळखीच्या एका शिक्षकांनी महादेव कोळी कुटुंबात केली होती. घराच्या पश्चिम अंगाला कारवीच्या काठ्या आणि गवताचा जाड आडोसा बांधलेला. तो नसता तर मातीची भिंत आषाढ संपेपर्यंत टिकली नसती. आत अंधार, धूर आणि ऊब. चुलीवरच्या माळ्यावर वर्षभराचं सरपण रचलेलं. ओल्या कपड्यांनिशी चुलीपाशी बसायची खूण करून घरच्या मावशी म्हणाल्या, "च्या घ्या आन् मग चला. आज आमची आवणी हाय."

आवणी म्हणजे भाताची लावणी. लावणी शहरातल्या माणसाने पाहिलेली असते ती रस्त्यावरून, गाडीच्या काचेतून. खाचराच्या बांधावर उभं राहून पाहिली की तिच्यातलं किती कौशल्य लांबून निसटतं ते कळतं. आधी चिखलणी. खाचरात घोटाभर पाणी, त्यात डांगी बैलांची जोडी. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके-पट्टे असलेली ही जात याच मुलखातली, अकोले आणि इगतपुरीकडची. तिच्या कातडीला तेलकटपणा असतो, त्यामुळे पाऊस अंगावर मुरत नाही; खूर काळे आणि टणक, चिखलात दिवसभर राहिले तरी खराब होत नाहीत. दुसरीकडचे बैल इथे एक पावसाळा काढू शकणार नाहीत, असं घरचे बाबा सांगत होते. राजूरला डांगी जनावरांचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथे त्यांच्या वडिलांच्या बैलाला नंबर आला होता, हे त्यांनी दोनदा सांगितलं. शेजारच्या खाचरात पॉवर टिलर फिरत होता. बाबांची त्याच्याबद्दल तक्रार नव्हती. अरुंद, चढावरच्या खाचरात तो नेता येत नाही एवढंच त्यांचं म्हणणं.

चिखल लोण्यासारखा झाला की बायका उतरतात. त्या दिवशी सावडीला आलेल्या सात-आठ जणी होत्या. आज मावशींचं खाचर, उद्या दुसरीचं, परवा तिसरीचं. पूर्वी डोक्यावर पळसाच्या पानांचं आणि बांबूचं इरलं असायचं. आता एक-दोन म्हाताऱ्यांकडेच ते दिसलं, बाकी सगळ्यांच्या अंगावर प्लास्टिकच्या कागदाची खोळ. रोप वैशाखात भाजलेल्या राबावर वाढवलेलं. जमिनीच्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, वाळलेल्या फांद्या पसरून वर माती टाकून जाळतात. त्याने तणाचं बी मरतं आणि राखेचं खत होतं. त्या रोपाच्या जुड्या खाचरात ठिकठिकाणी फेकलेल्या होत्या. मावशी डाव्या हातात जुडी धरत. त्याच हाताचा अंगठा तीन-चार काड्या पुढे सरकवत राही, उजव्या हाताची तीन बोटं त्या उचलत, मुळं चिखलात नेमकी तेवढीच खुपसत की रोप तरंगू नये आणि गाडलंही जाऊ नये, आणि पाऊल मागे. काड्या, बोटं, चिखल, पाऊल. नजर हातांवर नसायचीच. बोलणं शेजारणीशी चाललेलं. मी विचारलं तेव्हा त्यांनी एक मूठ माझ्या हातात दिली आणि माझं मनगट धरून खोली दाखवली. चिखल वरून गार होता, बोटं आत गेल्यावर कोमट लागला.

मान वर केली तेव्हा पाऊस थोडा उघडला होता. खालपासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत खाचरांच्या पायऱ्या चढत गेलेल्या, काहींत नुसतं पाणी, काहींत नुकतं लावलेलं फिकट रोप. रतनवाडीची छायाचित्रं बहुतेक इथेच काढतात. त्यांतलं झाडून सगळं माणसांनी केलेलं आहे. बांध दरवर्षी फुटतो, दरवर्षी घालावा लागतो. पाणी वरच्या खाचरातून खालच्यात कुठून उतरवायचं याची तोंडं पिढ्यांनी ठरवलेली आहेत, आणि त्यावरून भांडणंही पिढ्यांची आहेत. इथे येऊन निसर्ग म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, त्यातलं अर्धं तरी या वाकलेल्या पाठींचं आहे, असं मला त्या बांधावर फार प्रकर्षाने वाटलं.

संध्याकाळी अमृतेश्वराला गेले. गावाच्या टोकाला, झाडांच्या गर्दीत, काळ्या दगडाचं हे देऊळ उभं आहे. शिलाहार राजा झंझ याने बारा नद्यांच्या उगमांपाशी बारा शिवालयं बांधली, त्यांतलं हे एक, अशी परंपरा सांगते. शिखर भूमिज धाटणीचं, लहान लहान शिखरांच्या ओळी एकावर एक चढत गेलेल्या. सिन्नरचं गोंदेश्वर किंवा अंबरनाथचं देऊळ ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. उन्हात त्याचं कोरीवकाम उठून दिसतं म्हणतात. मी पाहिलं तेव्हा दगड भिजून इतके काळे झाले होते की नक्षी हाताने चाचपत वाचावी लागत होती. खांबांवरच्या एका पट्टीवर मी बराच वेळ बोट फिरवलं. खाचेत साचलेलं पाणी बोटाने ढकललं की फुलाची एक पाकळी मोकळी व्हायची.

गाभाऱ्यात उतरायच्या पायऱ्यांशी थांबावं लागलं, कारण पुढे पाणी होतं. पावसाळ्यात जमिनीतून पाझर फुटतो आणि गाभारा भरतो; पिंडी पाण्याखाली जाते. वरून कुणी अभिषेक करायची गरजच नाही. एका आजोबांनी काठावरूनच दोन पानं पाण्यावर सोडली आणि हात जोडले. नदीच्या उगमाशी देऊळ बांधणाऱ्या कारागिरांना हे पाणी येणार हे ठाऊक असणारच. नऊशे-हजार वर्षं ते येतं आहे आणि चिरे जागचे हललेले नाहीत. देवळापासून थोड्या अंतरावर चौकोनी पुष्करणी आहे, चारही बाजूंच्या कोनाड्यांत विष्णूच्या मूर्ती. तीही काठोकाठ भरली होती.

प्रवरेला अमृतवाहिनी म्हणतात. समुद्रमंथनानंतर देवांच्या पंगतीत चोरून बसलेल्या राहूचा शिरच्छेद झाला आणि त्याच्या कंठातून सांडलेलं अमृत नदी होऊन वाहिलं, अशी कथा. हीच कथा नदीबरोबर खाली उतरत जाते. नेवाशाला मोहिनीराजाचं मंदिर आहे. अमृत वाटणारी मोहिनी तिथे. त्याच नेवाशाला, याच प्रवरेच्या काठी, 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. त्याच्या कितीतरी आधीपासून तिच्या काठी माणसं राहत होती. आमच्या तालुक्यातल्या दायमाबादला 1974 साली शेतकऱ्यांना ब्राँझच्या मूर्ती सापडल्या, त्यांत बैलांच्या रथावर उभा असलेला एक माणूस आहे. साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीचं ते काम. मग टोक्याला प्रवरा गोदावरीला मिळते. तिथे तिचं विस्तीर्ण पात्र मी लहानपणापासून पाहिलेलं. इथे, देवळामागे, ती एका उडीत ओलांडता येईल एवढी असते, एरवी. त्या दिवशी तिचा आवाज ऐकूनच मी मागे सरले.

रात्रीच्या जेवणाला खेकड्यांचं कालवण होतं. पहिल्या पावसानंतर खाचरांच्या बांधांतून आणि ओढ्याच्या दगडांखालून काळपट खेकडे निघतात. मावशींच्या धाकट्याने संध्याकाळी टॉर्च घेऊन डबाभर धरून आणले होते. मोठे आकडे बाजूला काढून, लहान पाय पाट्यावर वरवंट्याने ठेचायचे. त्यात पाणी घालून पिळून गाळून घ्यायचं. हेच दुधट, किंचित निळसर पाणी कालवणाचा जीव. कांदा-लसूण-मिरचीची भाजलेली चटणी तेलात परतून त्यावर ते ओतायचं, उकळी येईपर्यंत ढवळत राहायचं, नाहीतर फाटतं, आणि शेवटी भाजलेल्या पिठाचं चिमूटभर बोट लावायचं. सोबत तांदळाची भाकरी आणि कुर्डूची भाजी. त्या चवीत माती, धूर आणि ओढा असं सगळं होतं. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

जेवताना विषय काजव्यांवर आला. मेच्या अखेरीपासून मोठा पाऊस लागेपर्यंतच्या दोन-तीन आठवड्यांत इथली सादडा, हिरडा, बेहडा, जांभळाची झाडं काजव्यांनी लगडतात आणि सगळं झाड एका तालात उजळतं-विझतं. त्यासाठी पुण्या-मुंबईहून गाड्यांच्या रांगा लागतात. थोरला मुलगा गडावर वाट दाखवायला जातो, तंबूही लावतो. काजव्यांच्या हंगामात त्याच्या हातात वर्षभराचा रोख पैसा येतो. तरी त्याच्या बोलण्यात उत्साहापेक्षा काळजी जास्त होती. तो लकाकणारा नर आपल्या जोडीदारणीला खुणावत असतो आणि ती गवतात, झुडपात बसून उत्तर देते. गाड्यांच्या हेडलाइटने त्यांचं हे बोलणंच तुटतं. माणसं झाडाजवळ जाण्यासाठी गवत तुडवतात, तेव्हा पायाखाली त्या माद्या असतात, आणि पुढच्या वर्षीची अंडीही. "झाड लखलखतं तेवढंच लोक बघत्यात, ताई. खाली कुणी बघत नाय." हा सगळा भाग 1986 पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, वनखातं फ्लॅश, टॉर्च, आवाज यांवर बंदी घालतं, गावची पोरं नाक्यावर उभी राहतात. तरी एका शनिवारी येणारी गर्दी या रस्त्याला आणि या जंगलाला झेपणारी नाही. मला विचाराल तर काजवे बघायला येणाऱ्यांची संख्या ठरवून द्यायला हवी, आणि ती ठरवण्याचा अधिकार गावाच्या ग्रामसभेकडे हवा. ज्यांचं पोट त्यावर आहे, ते झाड वाळू देणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडाच्या वाटेला लागलो. रतनगडाची वाट पहिले काही अंतर प्रवरेच्या सोबतीने जाते आणि तिला पुन्हा पुन्हा ओलांडते. पहिली ओलांडणी गुडघाभर पाण्यातून झाली. दुसरीपाशी थोरल्याने काठी पाण्यात रोवून बघितली, दगडांवर पाणी कुठपर्यंत आलंय ते बघितलं, वर ढगाकडे बघितलं. "नाय जायाचं," तो म्हणाला. मी वाद घातला नाही. आम्ही तिथेच एका खडकावर तासभर बसलो. तेवढ्यात समोरचा जो पांढरा दगड मी खूण म्हणून धरला होता, तो पाण्याखाली गेला. पाणी गढूळ नव्हतं, चहाच्या रंगाचं होतं, पानांचा अर्क उतरल्यासारखं. जंगल शाबूत असलं की ओढा असा येतो, आणि डोंगर उघडा पडला की लाल येतो, हे त्याने मला शिकवलं.

त्या खडकावर बसून मी त्याला ते विचारलं, जे विचारायला मी खरं तर आले होते. उन्हाळ्यात पाण्याचं काय करता?

रतनवाडी जलाशयाच्या शेपटाला आहे. धरण भरतं तेव्हा पाणी गावाच्या पायाशी येतं. मग खाली आवर्तनं सुटू लागतात. भंडारदऱ्यातून नदीत, नदीतून संगमनेरजवळ ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत, तिथून डाव्या-उजव्या कालव्यांतून संगमनेर, राहाता, राहुरी, श्रीरामपूर, नेवासा. जलाशयाची पातळी उतरते ती आधी शेपटाकडून, कारण तिथे तो उथळ. होळीनंतर गावापुढचं पाणी लांब लांब जातं आणि मागे भेगाळलेला गाळ राहतो. झऱ्यांचं म्हणावं तर बेसाल्टचा कातळ, त्यावर हातभर माती, आणि तीव्र उतार. पडलेलं पाणी मुरायला थांबतच नाही. चैत्र-वैशाखात झऱ्यावर वाटीवाटीने पाणी भरावं लागतं. मावशींनी आदल्या रात्री डोक्यावरच्या हंड्याचा विषय काढला होता तेव्हा मला वाटलं होतं, जुन्या दिवसांचं सांगताहेत. त्या गेल्या उन्हाळ्याचं सांगत होत्या. आता नळयोजना आहे, टाकी आहे. पण टाकीत पाणी चढवायचं तर आधी विहिरीत ते असावं लागतं.

म्हणजे राज्यात सर्वांत जास्त पाऊस अंगावर घेणाऱ्या गावांपैकी एक गाव आमचा ऊस भिजत असताना तहानलेलं असतं. प्रवरेच्या पाण्यावर आमच्या भागात केवढं उभं राहिलं! लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना निघाला, 1950 च्या सुमाराला त्याचं गाळप सुरू झालं, मग त्याच वाटेने कारखाने, शाळा, कॉलेजं, दवाखाने. माझं शिक्षणही त्या पाण्यावर झालं. त्याबद्दल मला कृतज्ञता आहे आणि ती राहील. पण पाण्याचा हिशोब आम्ही नेहमी धरणाच्या भिंतीपासून खाली केला, कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला न्याय मिळावा म्हणून मोर्चे काढले. भिंतीच्या वर हिशोबाला काही आहे असं आम्हाला वाटलंच नाही. 11 टीएमसीतला किती थेंबभर हिस्सा या वरच्या वाड्यांना पिण्यापुरता राखून ठेवायला लागेल? कालव्याच्या गळतीत त्याहून अधिक जात असेल. वरच्या गावांसाठी पाणी राखणं, डोंगरउतारावर चर खणून ते मुरवणं, झऱ्यांभोवतीचं जंगल सांभाळणाऱ्यांना त्याचा मोबदला देणं, ही कामं लाभक्षेत्राच्या पैशातून व्हायला हवीत. हे मी माझ्या माहेरी बोलून दाखवलं आहे, आणि सगळ्यांना ते रुचलेलं नाही.

गडावर गेले ते पितृपक्षात. पाऊस सरींवर आला होता, ओढा पुन्हा दगडांच्या मधून जाऊ लागला होता. खाचरात भात पोटरीला आलेलं; काळभाताच्या लोंब्यांवर जांभळट काळी झाक धरू लागली होती. काळभात, जिरवेल ही इथली जुनी वाणं. संकरित बियाण्यांनी ती मागे पडली, तरी अकोले तालुक्यातल्याच कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी अशी गावरान बियाणी जपण्याचं मोठं काम उभं केलं, 2020 साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्यानंतर मावशींसारख्या अनेकजणींनी माळ्यावरची जुनी मडकी पुन्हा उतरवली.

वाट जंगलातून चढते, कारवीच्या दाटीतून, मग उभा कडा आणि लोखंडी शिड्या. गणेश दरवाजा ओलांडला की रत्नाई देवीची गुहा. माथ्यावर सोनकीच्या पिवळ्या फुलांचा सडा अजून शाबूत होता आणि आम्ही चालताना दोन्ही बाजूंनी मधमाश्या उठत होत्या. नेढ्यात, म्हणजे कड्याला आरपार पडलेल्या त्या प्रचंड भोकात, वाऱ्याला पाठ देऊन बसलो. तिथून अलंग, मदन, कुलंग, पलीकडे कळसूबाई, इकडे कात्राबाई आणि आजोबा. पश्चिमेच्या उतारावर पडलेला थेंब कोकणात उतरून अरबी समुद्राला जातो. पूर्वेकडचा प्रवरेतून गोदावरीला, तिथून पार बंगालच्या उपसागराला.

कातळात कोरलेल्या ज्या टाक्याला लोक प्रवरेचा उगम मानतात तिथे थोरल्याने चपला काढल्या, ओंजळभर पाणी प्याला आणि माझी बाटली भरून दिली. ते पाणी मी वडिलांसाठी घरी नेलं. आयुष्यभर प्रवरेचं पाणी शेताला दिलेला तो माणूस. त्यांनी ते देवापुढे ठेवलं नाही, प्यायले, आणि वर राहणाऱ्या लोकांना उन्हाळ्यात टँकर येतो का, ते विचारलं.

उतरताना मावशींच्या घरी थांबले. दिवाळीनंतर काळभात झोडला की त्या निरोप देणार आहेत. घरचं पुरून दोन-चार पायल्याच तो उरतो आणि मागच्या वर्षी तेवढाही बाजारात साध्या तांदळाच्या भावाने गेला. या वर्षी आमच्याकडच्या पाच घरांनी तो घ्यायचं कबूल केलं आहे, आणि भाव त्या सांगतील तो.